नव्या कौलांची वळचण

पडवीच्या कडेला स्टूल ठेवून मी वर चढले, नव्या कौलाच्या खालच्या अंगावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट. मिठागरातून बोट बुडवून आणल्यासारखं खारट. आई ओटीवर वाल सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "अगो, आता कौलं चाटायची वेळ आली का?"

ही २०२३ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. छप्पर बदलून तेव्हा दोन वर्षं झाली होती. 'एकदा घाला आणि पन्नास वर्षं विसरून जा' असं सांगून विकलेलं छप्पर. वरून बघितलं तर नवंकोरं. खाली मात्र, जिथे पावसाचा थेंब पोचत नाही तिथे, वळचणीच्या स्क्रूंभोवती तपकिरी कडी पडली होती. पाऊस घर खातो असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. या कौलांचं उलटंच निघालं. पण हे कळेपर्यंत मध्ये बरेच उद्योग करून झाले.

आमचं घर दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या बाजूला, समुद्रापासून चालत सात-आठ मिनिटांवर. चिऱ्याच्या भिंती, सागवानाचे वासे, वर मंगलोरी कौलं. लॉकडाउन लागला तेव्हा मी ठाण्याहून आठ दिवसांसाठी आले होते ती इथेच अडकले, म्हणून ३ जून २०२० ला मी घरात होते. निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनकडे किनाऱ्याला लागलं, पण दापोली-मंडणगडलाही त्यानं सोडलं नाही. मंगलोरी कौल रिपेला, म्हणजे वाशांवरच्या आडव्या पट्टीला, बांधलेलं नसतं. मागच्या कानांनी ते रिपेवर अडकतं आणि बाकी स्वतःच्या वजनानं बसून राहतं. एरवी तेवढं पुरतं. त्या दुपारी वारा पडवीतून आत शिरला, खालून कौलं उचलायला लागला आणि वरून ओढायला. आधी आढ्यावरचे कोने, म्हणजे माथा झाकणारी कौलं, गेले, मग पश्चिमेच्या पाख्याच्या, म्हणजे छपराच्या उताराच्या, कडेच्या ओळी, आणि एकदा वाट मिळाल्यावर उरलेलं पाखं पंधरा मिनिटांत मोकळं झालं. आम्ही दोघी देवघरात बसून होतो, कारण तेवढ्याच खोलीवर माळा आहे.

वीज तीन आठवड्यांनी आली. कौलं काही मिळेनात, सगळ्या तालुक्यालाच हवी होती. तो पावसाळा निळ्या ताडपत्रीखाली गेला. ताडपत्रीखालचा पावसाळा काय असतो हे लिहायला बसले तर कौलं बाजूलाच राहतील.

कौलारू घराला दर वर्षी माणूस लागतो. मे महिन्यात आमचे कौलवाले मामा यायचे, दीड-दोन दिवस छपरावरच असायचे. फुटकी काढायची, सरकलेली बसवायची, खाचांमध्ये साठलेला पातेरा झाडायचा. वानरं वर्षाला चाळीस-पन्नास कौलं फोडणार हे धरलेलंच असायचं. मामांची आता सत्तरी आली, मुलं मुंबईला. दादा म्हणाला, पुढे हे करणार कोण? प्रश्न बरोबर होता. उत्तर म्हणून त्यानं व्हॉट्सॲपवर कंपोझिट, म्हणजे मिश्र साहित्याच्या, कौलांचं एक माहितीपत्रक पाठवलं.

कंपोझिट कौलं म्हणून आमच्याकडे दोन प्रकार खपतात. आईनं त्यांना पहिल्याच दिवशी नावं ठेवली: 'प्लास्टिकची' आणि 'खडीची'. प्लास्टिकची म्हणजे पीव्हीसीचा लांब पत्राच, कौलाच्या आकारात दाबलेला, आणि उन्हानं कुजू नये म्हणून वर वेगळ्या रेझिनचा पातळ थर. खडीची म्हणजे आतून पोलाद. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यावर दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा: ५५ टक्के ॲल्युमिनियम, बाकी बहुतेक जस्त आणि चिमूटभर सिलिकॉन. मग ॲक्रिलिकचा चिकट थर, त्यावर दगडाचा रंगीत चुरा, आणि सगळ्यात वर पारदर्शक ॲक्रिलिक. हा चुरा शोभेचा आहे असं मला वाटायचं. तसं नाही. खालच्या ॲक्रिलिकवर थेट ऊन पडू नये म्हणून तो असतो, आणि पावसाचा आवाजही तोच मारतो. गंज थांबवायचं काम मात्र मुलाम्याचं. हा फरक लक्षात ठेवला असता तर पुढचा अर्धा मनस्ताप वाचला असता.

दादानं खडीची ठरवली. आईची अट एकच, लांबून घर कौलारू दिसलं पाहिजे.

आमच्या छपराचं क्षेत्र अठराशे चौरस फूट. मंगलोरी कौल शंभर चौरस फुटाला दीडशेच्या हिशोबानं लागतं, म्हणजे सत्तावीसशे कौलं. एक कौल सव्वादोन किलो धरलं तरी सहा टनांचा बोजा, आणि पावसात पाणी प्यालं की आणखी. खडीची कौलं चौरस मीटरला साडेसहा-सात किलो, म्हणजे सगळी मिळून सव्वा टनाच्या आतच. हे ऐकून आम्ही खूश झालो. भिंतींना आराम, वाशांना आराम. लोखंडी सांगाडा करणाऱ्या फॅब्रिकेटरनं मात्र एक शहाणपणाचं वाक्य सांगितलं. त्या माणसाच्या बाकीच्या कामाबद्दल पुढे बोलायचंच आहे, पण हे वाक्य त्याच्या पदरात टाकायला हवं: "जड छप्पर स्वतःला धरून बसतं. हलकं छप्पर धरून ठेवावं लागतं." नुसत्या चिऱ्यात बोल्ट धरत नाही. म्हणून भिंतींच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा ओतला, त्यात बोल्ट पुरले आणि त्यावर लोखंडी कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, बसवल्या. सागवानाचे वासे निघाले ते बघायला आई बाहेर आलीच नाही.

मग त्याच माणसानं घोळ घातला. मंगलोरी कौलांसाठी रिपा साडेबारा इंचांवर मारतात. त्याच्या हातात ते माप इतकं बसलेलं, की पूर्वेच्या पाख्याचे, रिपांच्या जागी घालायचे, सगळे लोखंडी पाइप त्यानं साडेबारा इंचांवर वेल्डिंग करून टाकले. आमच्या कौलांना साडेचौदा हवे होते. पहिलं कौल ठेवलं तेव्हा कळलं. माहितीपत्रक त्याच्या गाडीच्या डॅशबोर्डवर होतं, न उघडलेलं. अख्खं पाखं कापून परत जोडलं. जोडलेल्या प्रत्येक जागी प्रायमर जळला. तिथे घासून नवा प्रायमर आणि वर रंग लावा असं मी दोनदा सांगितलं. त्यानं घासलं नाही, वरूनच लाल रंग फासला. तिसऱ्या वर्षी माळ्यावरून वर बघितलं तर बरोबर त्याच जागी फोड आले होते, ओळीनं, मापून.

बसवायच्या वेळी मामा मुद्दाम बघायला आले. खळ्यात उभे राहिले, डोळ्यांवर हात धरून.

"ताई, ह्यो पत्राच हाय. वरून खडी लावलेली."

"हो मामा."

"आन् वरून खाली कशाला येतायत हे?"

मातीची कौलं वळचणीपासून सुरू होतात आणि आढ्याकडे चढत जातात, वरचं कौल खालच्यावर बसतं. ही कौलं आढ्याकडून खाली येतात. वरच्या ओळीचं नाक थोडं उचलायचं, खालच्या ओळीचं मागचं टोक त्याखाली सरकवायचं आणि नाकातून आडवा स्क्रू मारायचा. स्क्रूचं डोकं आभाळाकडे नसतं, समोर असतं, त्यामुळे त्यावर पाणी साचत नाही. शेजारच्या दोन कौलांचा जोड कुठल्या अंगाला ठेवायचा तेही ठरलेलं: आमचा पाऊस नैऋत्येकडून झोडतो, म्हणून जोडाची उघडी कड तिकडे पाठ करून. मामांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "वर चालायचं कुठं?" इतक्या लोकांनी छप्पर बघितलं, हा प्रश्न मामा सोडून कुणी विचारला नाही. उत्तर असं की कौलाच्या फुगीर भागावर पाय द्यायचाच नाही. जिथे खाली पाइप आहे तिथे, खोलगट भागात, पुढच्या कडेला, मऊ रबरी तळव्याची चप्पल घालून. नाहीतर पत्रा दबतो आणि वरचा चुरा सुटतो. बसवणारे स्वतः सेफ्टी शूज घालून फुगीर भागावरून फिरत होते.

कापायचं कामही त्यांनी तसंच उरकलं. दोन पाखी मिळतात तिथल्या पन्हळीला कौलं तिरकी कापावी लागतात. माहितीपत्रकात कातरीनं कापा, ग्राइंडर वापरू नका असं चित्र काढून सांगितलंय, ग्राइंडरवर फुली मारलेली. कारण ग्राइंडरनं कड तापते, मुलामा जळतो आणि तापलेला लोखंडी कीस उडून आजूबाजूच्या कौलांना चिकटतो. ते छपरावरच बसून ग्राइंडरनं कापत होते. मी खालून ओरडले तर म्हणाले, "मॅडम, कातरीनं कापायचं तर आठ दिवस लागतील."

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं. १६ तारखेची रात्र आम्ही परत देवघरात काढली. छप्पर हललं नाही. एक कौल नाही, एक कोना नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे तक्रारीच आहेत आणि वाचणाऱ्याला वाटेल आम्ही फसलो. त्या रात्रीसाठी मी या छपराचे शंभर गुन्हे माफ केलेत. आईनं सकाळी उठून पहिल्यांदा वर बघितलं आणि "बरं आहे" म्हणाली. आईकडून याहून जास्त कुणालाच मिळत नाही.

पण त्याच पावसानंतर पन्हळीजवळच्या कौलांवर लाल ठिपके उमटले, गोवर आल्यासारखे. माझ्या पोटात गोळा आला. तीन महिन्यांत गंज? विक्रेत्याला फोटो पाठवले, निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. शेवटी मीच शिडी लावून चढले आणि नखानं एक ठिपका खरवडला. निघाला. खाली चुरा जसाच्या तसा. तो कौलाचा गंज नव्हता, ग्राइंडरच्या किसाचा होता. मऊ ब्रश, बादलीभर पाणी आणि दोन संध्याकाळी. कापलेल्या कडा मात्र निघण्यातल्या नव्हत्या. पातळ पत्र्याची उघडी कड शेजारचं जस्त स्वतः झिजून काही काळ सांभाळते, पण जळालेल्या कडेला तेवढंही जस्त उरत नाही. तिथे टच-अपचा रंग भरला. तो दर दोन वर्षांनी भरावा लागतो.

पहिल्या पावसात पन्हळीत तांब्याभर चुरा उतरला. ते मी ऐकून होते, सुरुवातीला सुटा चुरा धुऊन जातोच, त्यात घाबरण्यासारखं नाही. दुसऱ्या वर्षी ओंजळभर, मग चिमूटभर. ज्यांचं छपराचं पाणी टाकीत जातं त्यांनी पहिले दोन-तीन मोठे पाऊस बाहेर सोडावेत एवढंच.

मग आली जानेवारीतली गळती. जानेवारी! आकाश निरभ्र, आणि पहाटे स्वयंपाकघरात आईच्या पाठीवर टपटप. आम्ही भोकं शोधली. दादा शनिवार-रविवार येऊन छपरावर टॉर्च घेऊन फिरला. एक भोक नाही. शेवटी आईच्याच लक्षात आलं, की ती बंब पेटवते आणि चुलीवर भाताचं आधण ठेवते त्यानंतरच थेंब पडतात. जुन्या कौलांच्या फटींतून धूर, वाफ, उकाडा सगळं आपोआप जायचं. घर श्वास घ्यायचं म्हणा हवं तर. नवं छप्पर घट्ट. पहाटे पत्रा थंड पडतो, खालून वाफ वर जाते आणि त्याला लागून परत पाणी होते. वरून गळत नव्हतं, आतलंच आत पडत होतं. बाजूच्या त्रिकोणी भिंतींत जाळ्या ठेवल्या, चुलीवर धुराडं काढलं, आढ्याचे कोने थोडे उचलून खालून हवा जाईल असे बसवले. थेंब थांबले. हे काम छप्पर बसवतानाच सुचवणं बसवणाऱ्याचं काम होतं. त्याला सुचवायला तो आमच्या स्वयंपाकघरात कधी आलाच नव्हता.

काचेची दोन कौलं होती माजघरात, त्यातून दुपारी उन्हाचे दोन चौकोन जमिनीवर पडायचे. ती गेली. माजघरात आता दिवसा ट्यूब लावावी लागते. याला देखभाल म्हणत नाहीत, पण विजेच्या बिलात येतं.

शेवाळाचा किस्सा माझ्या भाच्याच्या नावावर. उत्तरेच्या पाख्यावर फणसाची सावली आहे. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी तिथे हिरवी मखमल पसरली. दगडाच्या खरखरीत चुऱ्यावर शेवाळ मातीच्या कौलापेक्षाही छान धरतं. गणपतीला आलेला भाचा म्हणाला, मावशी, दहा मिनिटांचं काम, आणि मित्राच्या गॅरेजमधून गाड्या धुवायचा प्रेशर पंप घेऊन आला. पहिल्या मिनिटात शेवाळ गेलं. त्याच मिनिटात जेवणाच्या ताटाएवढ्या जागेवरचा चुराही गेला आणि खालचा काळा थर चकाकायला लागला. मी पंपाची वायर ओढून काढली. ती जागा अजून खळ्यातून दिसते, आणि भाचा आला की सगळे तिकडे बघून चहा पितात.

शेवाळाला घाई करायची नाही हे तेव्हा कळलं. पाऊस उघडला की ऑक्टोबरचं ऊन ते निम्मं मारतंच. वाळून पापुद्रे सुटले की मऊ झाडूनं, वरून खालच्या दिशेनं, हलक्या हातानं झाडायचं. चिवट राहिलं तिथे ब्लीचचं अगदी पातळ पाणी, पंधरा मिनिटं, आणि मग भरपूर साध्या पाण्यानं धुणं. हे धुणं टाळलं तर शेवाळ परवडलं, कारण ब्लीच पत्र्यावर राहिलं की तेही पत्राच खातं. आणि फणसाच्या दोन फांद्या उतरवल्या. त्यानं जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानं पडला नाही.

माडाचंही सांगायला हवं. स्वयंपाकघरावर एक माड झुकलाय, तो तोडायला आई तयार नाही. मंगलोरी कौलावर नारळ पडला की कौल फुटायचं, दुसरं बसवायचं, विषय संपला. खडीच्या कौलावर पडला की ते फुटत नाही, पोचा येतो आणि रुपयाएवढा चुरा उडतो. पोच्याचं काही नाही, उघड्या जागेचं आहे. बसवताना टच-अपची पेटी मिळाली होती, तिच्यातला चिकट रंग दुसऱ्या वर्षी उघडला तर खरवसासारखा घट्ट. नवीन मागवला. जागा धुऊन पूर्ण वाळू द्यायची. रंगाचा जाड थर द्यायचा, उघड्या भागाच्या किंचित बाहेरपर्यंत. तो ओला असतानाच चुरा चिमटीनं पेरायचा आणि बाटलीच्या बुडानं दाबायचा, लाडूवर खसखस दाबतात तसा. दुसऱ्या दिवशी सुटा चुरा फुंकरून वर पारदर्शक थर. पन्हळीत उतरलेला चुरा मी पहिल्या वर्षी धुऊन बरणीत भरून ठेवला होता, तो रंगाला तंतोतंत जुळतो. नव्या पेटीतला जुळत नाही.

आता परत त्या खारट बोटाकडे.

वळचणीचे स्क्रू गंजले तेव्हा माझा पहिला संशय स्क्रूंवर. हलके घातले असतील म्हणून दापोलीच्या बाजारातून चांगले स्टेनलेसचे साठ स्क्रू आणले आणि फॅब्रिकेटरकडून बदलून घेतले. सगळ्यांनी मान डोलावली, स्टेनलेस म्हणजे उत्तमच. रात्री माहितीपत्रक पहिल्यांदा शेवटच्या पानापर्यंत वाचलं. त्यात लिहिलेलं: किनाऱ्यालगत स्टेनलेसचे स्क्रू या मुलाम्यावर वापरू नयेत. तांब्याचा आणि शिशाचा स्पर्शही होऊ देऊ नये. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल आली की बॅटरीच तयार होते, आणि त्यात झिजतो तो दुबळा धातू, म्हणजे इथे कौलाचा मुलामा. स्क्रू शंभर वर्षं टिकला असता, त्याच्याभोवतीचं कौल नाही. साठच्या साठ काढले. कौलाच्याच मुलाम्याला चालणारे, समुद्रकाठासाठीचे म्हणून वेगळे स्क्रू मिळतात, ते मागवले. रबरी वॉशरसकट.

त्याच पानावर खाली एक ओळ होती: 'पावसाने धुतला न जाणारा भाग ठरावीक काळाने गोड्या पाण्याने धुवावा.' ती वाचली आणि दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन चढले. बाकी तुम्हाला माहीत आहे.

समुद्राचा वारा मीठ सगळीकडे सारखंच आणून ठेवतो. छपराच्या वरच्या अंगावर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो चार महिने ते घासूनपुसून नेतो. वळचणीच्या खालच्या अंगावर, आणि घराच्या मोठ्या पाख्याखाली झाकलेल्या पडवीच्या वरच्या दोन ओळींवर, पाऊस कधीच पोचत नाही. तिथे मीठ साठतच राहतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ कसं ओलं होतं? हवेतलं पाणी ओढून. छपराखालचंही तसंच, रोज रात्री ओलं होतं आणि दुपारी वाळतं. म्हणजे घरातली सगळ्यात कोरडी वाटणारी जागा सगळ्यात जास्त गंजत होती. वर्षानुवर्षं आम्ही वळचणीला सरपण ठेवत आलो, ते यासाठी की ती जागा कोरडी. सरपणाला ती चांगलीच आहे.

विक्रेत्याला शेवटचा फोन केला तो वॉरंटीसाठी. त्यानं पहिला प्रश्न विचारला, समुद्र किती अंतरावर? दुसरा प्रश्न, धुतल्याची नोंद ठेवलीय का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर विकताना त्याला माहीत होतं, साइटवर त्यानं शहाळंही प्यायलं होतं. पन्नास वर्षांचा कागद नीट वाचला तर त्यात चुऱ्याची हमी वेगळी, मुलाम्याची वेगळी, आणि स्क्रू, पन्हळ, कापलेल्या कडा कशातच नाहीत. जे गंजतं तेवढंच नेमकं बाहेर. कौल घेणाऱ्यानं दुकानातल्या नमुन्याच्या रंगापेक्षा त्या कागदाकडे आधी बघावं, आणि समुद्राचं अंतर त्यावर विक्रेत्याकडून लिहून घ्यावं.

नोंद आता ठेवते, कालनिर्णयवर. नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिलअखेर, असं तीनदा धुणं. मेपर्यंत थांबता येत नाही, कारण मेमध्ये आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं आणि मचूळ पाण्यानं मीठ धुणं म्हणजे काय ते सांगायला नको. साधा बागेचा पाइप, तोंडाला फवारा, खालून वर. पाइपाचा जोर पुरतो, पंप नको. पाऊस सुरू व्हायच्या आधी पन्हळीतला पातेरा हातानं काढायचा. ओला पातेरा एका जागी बसून राहिला की त्याच्याखाली पत्रा गंजायला लागतो. वर्षातून एकदा स्क्रू बघायचे, वॉशर कडक झालेले बदलायचे. सगळं मिळून वर्षाला तीन-चार दिवस. मामांचे दोन दिवस होते.

शेजारच्या काकांनी प्लास्टिकची घातली होती. त्यांना गंजाची काळजी नाही, आणि ते मला अधूनमधून तशी आठवण करून देतात. त्यांच्या बसवणाऱ्यानं स्क्रू करकचून आवळले होते. ती कौलं उन्हात लांबीला बरीच वाढतात, भोक ढिलं ठेवावं लागतं. दोन उन्हाळ्यांत स्क्रूपाशी चिरा गेल्या. आता ते चिरांवर सिलिकॉन भरतात, मी कडांना रंग भरते, आणि गडग्यावरून एकमेकांना विचारतो, झालं का?

वानरं अजून येतात. पूर्वी कौल फुटल्याचा आवाज यायचा, आता नुसती धडधड. आई म्हणते त्यांचाही हिरमोड झालाय.

जुन्या कौलांतली धड निघाली ती नऊशे. वाडीत माडाखाली उभी रचून ठेवली आहेत, मागे मंगळूरचं नाव उठलेलं. आई एकही विकू देत नाही. गेल्या वर्षी मामा गोठ्यासाठी दोनशे मागायला आले तेव्हा तिनं दिली, पैसे घेतले नाहीत. मामा म्हणाले, मग फुकट नको, काम सांगा. काम म्हणून मी पाइप हातात दिला आणि वळचण दाखवली. शिडी चढायला त्यांना बंदी आहे, पण खालून फवारा मारायला शिडी कशाला लागते? नोव्हेंबरचा पहिला आठवडा, दिवाळी नुकतीच झालेली. मामांनी अर्धा तास वळचण भिजवली, पाणी त्यांच्याच अंगावर पागोळ्यांसारखं गळत होतं. मग पाइप बंद करून आईला विचारलं, "काकू, साबन लावायचा काय?"

"उटणं उरलंय डब्यात," आई म्हणाली.

यंदा उत्तरेकडच्या पन्हळीचा पत्रा बदलायचाय, ग्राइंडरवाल्या बाजूला सुईएवढी भोकं दिसायला लागलीत. कातरीनं कापणारा माणूस चिपळूणला आहे म्हणतात. आठ दिवस लागले तरी चालतील असं त्याला आधीच कळवून ठेवलंय.